सारख्या बक्षिसासाठी जऊळक्याला

वाशिम जिल्ह्यात जाणारी बाहेरची माणसं बहुधा कोणाच्या लग्नाला जातात, नाहीतर लोणारचं सरोवर बघून झाल्यावर वाट वाकडी करतात. मी गेले साक्ष द्यायला. जानेवारीत एका सकाळी भगतकाकांचा फोन आला आणि त्यांनी 'कशा आहात' वगैरे काही न विचारता थेट सुरुवात केली.

"ताई, टेनिसच्या मोठ्या स्पर्धेत बायाले आन् माणसाले बक्षीस सारखंच असते ना?"

"असतं की. चारही मोठ्या स्पर्धांत."

"मंग तुमी इथी येऊन सांगा. माह्यावर कोनी विश्वास ठेवून नाही राह्यलं."

प्रल्हाद भगत आमच्या नाशिकच्या टेनिस क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे क्लबाच्या पगारावर असलेला खेळाडू. एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही की मार्करला बोलवायचं आणि त्यानं समोरच्याला बरं वाटेल इतपत खेळायचं. काका अठराव्या वर्षी वाशिमकडून नाशिकला आले ते मातीच्या कोर्टावर रोलर ओढायला. बघत बघत खेळ शिकले आणि मार्कर झाले. मी आठ वर्षांची असताना माझ्या हातात रॅकेट दिली ती त्यांनीच. पुढे मी काही वर्षं देशातल्या छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळले, जिंकल्यापेक्षा हरले जास्त, मग खांद्यानं दगा दिला. आता चौपन्नाव्या वर्षी त्याच क्लबात मुलांना शिकवते. काका निवृत्त होऊन गावी परतले त्याला बरीच वर्षं झाली.

त्यांना एक नाद होता. परदेशातली मोठी स्पर्धा जवळ आली की वर्तमानपत्रात बक्षिसांचा तक्ता यायचा. बाकी सगळे विजेत्याचा आकडा बघून डोळे विस्फारायचे. काका तक्ता खालून वाचायचे. "पहिल्या फेरीत हारनाऱ्याले काय भेटते थे आधी वाचा," म्हणायचे. "जितनाऱ्याले कोनीबी देते. हारून घरी जानाऱ्याले काय देता, त्याच्यावरून खेळाची इज्जत समजते."

अशा माणसानं बोलावल्यावर नाही म्हणणं शक्य नव्हतं. मी अकोल्यापर्यंतचं तिकीट काढलं.

पहिला दिवस: जऊळका

अकोल्याला गाडी बदलून जऊळक्याला उतरले तेव्हा दुपार कलत होती. स्टेशन लहान. फलाटावर दोन कडुनिंब आणि त्यांच्या सावलीत भगतकाका. पंच्याहत्तरीचा माणूस, पण उभं राहणं अजून मार्करचंच, टाचा किंचित उचललेल्या, जणू आत्ता सर्व्हिस येणार आहे. त्यांनी माझ्या खांद्यावरची रॅकेटची पिशवी काढून घेतली आणि आम्ही काळीपिवळी जीपमध्ये बसलो. चौदा माणसं, एक शिलाई मशीन, शेंगदाण्याचं पोतं आणि माझी पिशवी. समोरच्या आजोबांनी ती चाचपून पाहिली.

"हे काय हाय बाई, तंबोरा?"

"रॅकेट आहे. टेनिसची."

"हां हां," ते म्हणाले, "थे भगताचं. गावात दुसरं बोलनंच नाही सध्या."

मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

काकांचं गाव जऊळक्याहून पाचसहा किलोमीटरवर आहे. नाशिकच्या द्राक्षबागांच्या तारा आणि मांडव बघायची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना इथलं मोकळेपण नवं होतं. काळी जमीन लाटांसारखी खालीवर होत जाते, मधे एखादा ओढा, त्याच्या काठानं हरभऱ्याचा हिरवा पट्टा, आणि कापणी झालेल्या तुरीच्या धसकटांची शेतं. तूर वाळत घातलेली होती आणि सगळ्या गावाला तिचा कोरडा, किंचित गोडसर वास येत होता.

काकांच्या घराच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि मधोमध खिळ्याला टांगलेली एक लाकडी रॅकेट. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी, ज्वारीची भाकर, पातोडीची रस्साभाजी आणि ठेचा वाढला. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, तिखट रश्शात सोडलेल्या. आमच्याकडेही रस्सा तिखट असतो, तेव्हा मी बेफिकीरपणे ठेच्याचा मोठा घास घेतला आणि पुढची दहा मिनिटं बोलू शकले नाही. काकू शांतपणे म्हणाल्या, "मी जरा कमीच तिखट करतो, पाहुनीसाठी."

इथल्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात. पहिल्यांदा कानाला अडखळतं. दुसऱ्या दिवसापासून मला ते फार आवडायला लागलं.

जेवण झाल्यावर काकांनी प्रकरण समजावलं. गावात दरवर्षी कबड्डीचे सामने होतात. पूर्वी पुरुषांचेच व्हायचे, गेल्या काही वर्षांपासून बायकांचेही होतात. यंदा पुरुषांचं पहिलं बक्षीस एकतीस हजार आणि बायकांचं अकरा. काकांची सून रंजना गावच्या बायकांच्या संघाची कप्तान. तिनं सामने भरवणाऱ्या मंडळात विचारलं, अकराच काहून? त्यावर काकांनी टेनिसचा दाखला दिला. पोरांनी मोबाईलवर शोधून पाहिलं, तर काकांचं म्हणणं खरं निघालं. मग मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "मोबाईलवर काहीबी येते. कोन्या बाईनं हातात घेतलेलं दाखवा."

"म्हणून मी," मी म्हटलं.

"म्हणून तुमी." काकांनी उशीखालून एक गुलाबी पत्रक काढून माझ्या हातात दिलं आणि नजर चुकवली.

पत्रकावर माझं नाव ठळक अक्षरांत होतं. 'प्रमुख पाहुण्या, जागतिक टेनिस सम्राज्ञी, मोठमोठ्या विदेशी स्पर्धांत लाखोंची बक्षिसे पटकावणाऱ्या'.

"काका, मी मोठ्या स्पर्धेच्या दारात एकदाच गेले आहे, तेसुद्धा तिकीट काढून बघायला!"

"मले मालूम हाय. मी फक्त 'टेनिस खेळनाऱ्या ताई' सांगतलं होतं. बाकीचं छापनाऱ्यानं भरलं. त्याच्याजवळ जागा उरली होती."

मला हसू आलं, पण अंथरुणावर पडल्यावर ते मावळलं. खरं सांगितलं तर काकांची बाजू पडणार होती. नाही सांगितलं, तर ज्यानं मला रेषेवर पडलेला चेंडू 'आत' म्हणायला शिकवलं, त्याच्याच अंगणात मी खोटं बोलणार होते.

दुसरा दिवस: शेत आणि ग्रामपंचायतीचा ओटा

सकाळी थंडी चांगलीच होती. रंजनाबरोबर शेतावर गेले. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. उंची बेताची, खांदे रुंद, चाल भराभर. सकाळी अंगणवाडीत मदतनीस, दुपारनंतर घरच्या दोन एकरांत किंवा दुसऱ्याच्या मजुरीला, आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर सराव. तिच्या संघातल्या सगळ्याच बायका अशा. दोघी तर ऊसतोडीला जाणाऱ्या. सामन्यांसाठी त्या यंदा आठ दिवस आधी परत आल्या होत्या, हे मला तिच्या बोलण्यातून उमगलं.

"आठ दिवसांची मजुरी गेली मग त्यांची?"

"गेली ना. घरी भांडून आल्या. म्हणून तर मंडळाशी मी भांडून राह्यली. आमाले भीक नाही पाहिजे, ताई. पन एकतीस आन् अकरा? अर्धंबी नाही!"

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काकांनी तुराट्या पेटवून त्यावर हरभऱ्याची हिरवी झाडं भाजली होती. काळे पडलेले घाटे राखेतून वेचून चोळायचे, फुंकायचे आणि आतले गरम दाणे तोंडात टाकायचे. बोटं काळी, ओठ काळे. आमच्याकडे हुरडा पार्ट्यांना आता तिकीट असतं आणि बसायला गाद्या. इथे मी मातीच्या ढेकळावर बसून खाल्लं आणि पोट कधी भरलं ते कळलंच नाही. तिथेच मी काकांना सांगून टाकलं की दुपारी मी खरं तेच सांगणार.

काकांनी एक घाटा फोडला. "मंग मी तुमाले दुसरं काय सांगाले बोलावलं?"

चार वाजता ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सतरंजी अंथरली होती. मंडळाची दहाबारा माणसं, पायऱ्यांवर बचत गटाच्या बायका आणि रंजनाचा अख्खा संघ. अध्यक्ष बाबाराव हे निवृत्त बस कंडक्टर. आवाज असा की शेवटच्या बाकावरच्यालाही तिकीट काढावंसं वाटावं.

मी उभी राहिले आणि आधी पत्रक हातात घेतलं. "यात माझ्याबद्दल लिहिलंय ते खरं नाही. मी मोठ्या स्पर्धांत कधी खेळले नाही. लाखोंची बक्षिसं मी फक्त छापलेली पाहिली आहेत."

मग मागून एकजण खुसखुसला. बाबारावांनी भगतकाकांकडे असं पाहिलं, जणू विनातिकीट प्रवासी सापडला.

"मग मी काय घेतलंय हातात, ते सांगते," मी म्हटलं. "वीस वर्षांची असताना एका लांबच्या शहरात छोटी स्पर्धा होती. दोन रात्री गाडीत, एक रात्र वेटिंग रूममध्ये. पहिल्याच फेरीत तासाभरात हरले. रडत सामान भरत होते, तर ऑफिसातल्या बाईंनी बोलावून एक चेक दिला. रक्कम लहानच. मला वाटलं चुकून दिला. त्या म्हणाल्या, पहिल्या फेरीत हरणाऱ्यांचा असतो हा. त्या चेकच्या भरवशावर मी घरी न जाता पुढच्या गावची स्पर्धा खेळायला गेले. तिथे तीन सामने जिंकले. तो नसता, तर मी तेव्हाच रॅकेट ठेवून दिली असती."

बाबाराव पुढे झुकले. "हारल्यावर पैसे?"

"छोट्या स्पर्धांत थोडे. मोठ्या स्पर्धांत तर एवढे की त्यावर खेळाडूचं पुढचं कितीतरी भागतं. आणि तिथे बाईला तेवढेच, पुरुषाला तेवढेच."

बाबारावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "हारल्याचं मले पटते," ते म्हणाले. "मी उभी नोकरी मोटारीत केली. जायचं भाडं घेऊन निंघालेले लोक लय पाह्यले, परतीचं नसलेले. असं करू, पहिल्या सामन्यात हारनाऱ्या टीमची एंट्री फी वापस करू. म्हंजे जीपभाडं निंघते त्यायचं. बायाईचंबी आन् पोट्ट्यायचंबी." मंडळींनी माना डोलावल्या. "पन सारखं बक्षीस नाही जमत. माणसाचा सामना चाळीस मिनिटांचा, बायाचा तीस. तीस मिनिटाले चाळीसचं तिकीट मी कसं फाडू?"

मला गंमत वाटली. हाच वाद टेनिसवाल्यांनी वर्षानुवर्षं घातला आहे. मोठ्या स्पर्धांत पुरुष पाच सेटपर्यंत खेळतात, बायका तीनपर्यंत, मग पैसे सारखे कशाला? मी ते सांगणार इतक्यात रंजना पायरीवरून उठली.

"बसमध्ये आमचं अर्धं तिकीट हाय, म्हणून बक्षीसबी अर्धं का, मामा? आन् तीस मिनिटं आमी मांगतली का? नियमात लिहून हाय म्हणून खेळतो. चाळीस खेळू द्या. उद्याच खेळतो."

पायऱ्यांवरून बायकांचा एकदम होकार उठला. बाबाराव गडबडले नाहीत. कंडक्टर म्हणून त्यांनी याहून मोठ्या गर्दीला तोंड दिलं असणार.

"खेळा चाळीस. बाकीच्या टीमाईले इचारतो. थ्या हो म्हनल्या, तर खेळा. पन पैशाचं वेगळं हाय पोरी. एकतीस हजार मंडळाचे नाहीत, रमेशभाऊ देते, आपल्या बापाच्या नावानं, पोट्ट्यायच्या सामन्यासाठी. अकरा हजार देते बचत गट. देनाऱ्याचा हात मी कसा धरू?"

बी-बियाण्याच्या दुकानाचे मालक रमेशभाऊ तिथेच बसले होते. ते जमिनीकडे बघत राहिले.

"टेनिसमध्येही देणारे असंच म्हणायचे," मी म्हटलं. "तेव्हा काही बायकांनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या केल्या आणि स्वतःची वेगळी स्पर्धा काढली."

"एक डॉलर म्हंजे किती?" बचत गटातल्या एकीनं विचारलं.

"तेव्हाचे सात-आठ रुपये."

"मंग आपन अकरा हजारवाल्या लय श्रीमंत झालो वं!" ती म्हणाली आणि सगळा ओटा हसला. हशातच बैठक संपली. एंट्री फीचं ठरलं, चाळीस मिनिटांचं बाकीच्या संघांच्या होकारावर ठरलं, बक्षीस आहे तेच राहिलं. परतताना मी काकांना म्हटलं, साक्ष काही फार उपयोगी पडली नाही.

"अर्धी पडली," काका म्हणाले. "उरलेली उद्या पोरी देतील."

तिसरा दिवस: मैदान

शाळेमागचं मैदान पहाटेच पाणी मारून, ढेकळं फोडून मऊ केलेलं होतं. फक्कीच्या पांढऱ्या रेषा, कडेला आलुबोंड्याची, म्हणजे बटाटेवड्यांची, कढई, झाडाला बांधलेला कर्णा. पुरुषांचे आठ संघ, बायकांचे चार.

केनवडच्या बायका जीपमधून दीड-दोन तासांचा फेरा घालून आल्या होत्या. त्यांचा पहिला सामना रंजनाच्या संघाशी झाला आणि त्या वाईट हरल्या. गुडघ्यांची माती झाडत त्या जीपकडे निघाल्या होत्या, तेव्हा बाबारावांनी त्यांच्या कप्तानाला हाक मारून पाकीट पुढे केलं. तिनं ते परत त्यांच्याकडे सरकवलं.

"भाऊ, चुकून राह्यलं तुमचं. आमी हारलो."

"हारल्या म्हणूनच. एंट्री फी हाय तुमची."

ती पाकिटाकडे, मग बाबारावांकडे, मग आपल्या पोरींकडे बघत राहिली. "हारल्यावरबी देतात का कोठी?"

"टेनिसमंधी देतात," बाबाराव अगदी माहीतगारासारखे म्हणाले. मी तोंड फिरवून हसले. केनवडच्या बायकांनी जीपवाल्याला थांबवलं, आलुबोंडे घेतले आणि बायकांची फायनल बघायला सगळ्या रेषेपाशी मांडी घालून बसल्या.

फायनल तीन वाजता सुरू झाली, रंजनाचा संघ आणि कामरगाव, सगळ्यांनी होकार दिल्यानं चाळीस मिनिटांची. मला पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती. माझ्या एका बाजूला रमेशभाऊ आणि दुसऱ्या बाजूला त्यांची आई गयाबाई, ऐंशीच्या पुढच्या, नऊवारीत, हातात काठी. त्यांनी माझी चौकशी एका दमात उरकली, कोन, कोठची, पोरंबाळं किती. मग मैदानाकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत वळवलं नाही.

मी आयुष्यभर टेनिस बघितलं आहे. तिथे दोन खेळाडूंमध्ये जाळी असते आणि शिष्टाचार असतो. इथे रंजना 'कबड्डी कबड्डी' म्हणत एकटी सात जणींच्या अंगणात घुसत होती आणि त्या सात जणी तिच्या घोट्यांवर डोळे लावून सरकत होत्या. कामरगावची एक बुटकी मुलगी कोपऱ्यात उभी असायची. दिसायला शाळकरी, पण एकदा तिनं घोटा धरला की सुटका नाही. पहिली वीस मिनिटं संपली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते.

दुसऱ्या डावाची दहा मिनिटं झाली आणि तिसाच्या पुढची मिनिटं सुरू झाली, ज्यांची कोणाच्याच पायांना सवय नव्हती. श्वास अपुरे पडू लागले. ऊसतोडीहून परतलेल्या दोघींपैकी एक पकडीत आदळली, कोपर सोललं, तिनं त्यावर तिथलीच माती चोळली आणि परत जागेवर उभी राहिली. बाजूला पायताण काढून अंग गरम करत असलेली पुरुषांची टोळकी हळूहळू रेषेभोवती जमली. आलुबोंडेवाला कढई सोडून आला. कर्ण्यावरून घोषणा होऊ लागल्या, या चढाईला अमुककडून एकशे एक, त्या पकडीला तमुककडून दोनशे एक. गयाबाई काठी आपटत ओरडत होत्या, "धर थिले! पाय धर, पाय!" कोणाच्या बाजूनं, ते कळायला मार्ग नव्हता. चांगली पकड कोणाचीही असो, त्या खूष.

शेवटचं मिनिट. रंजनाचा संघ दोन गुणांनी मागे. ती स्वतः चढाईला गेली. एकीला हात लावला, दुसरीला पायानं शिवली आणि मध्यरेषेकडे झेपावली. कोपऱ्यातल्या बुटकीनं जमिनीलगत सूर मारून तिचा घोटा धरला. रंजनाचा हात रेषेपासून वीतभर अलीकडे मातीत रुतला. तिनं ओढ घेतली, बोटं लांबवली. पोचली नाही. शिट्टी झाली.

कामरगाव जिंकलं. रंजना तशीच पालथी पडून राहिली. मग बुटकीनंच तिला हात देऊन उठवलं.

भगतकाका माझ्या मागे उभे होते. त्यांचा चेहरा पाहायचं मला धाडस झालं नाही. पण त्यांचा आवाज आला, स्थिर. "बरोब्बर खेळली. शेवटपर्यंत टाचा उचललेल्या होत्या."

पुरुषांची फायनलही झाली, चांगली झाली. ऊन उतरल्यावर बक्षीस समारंभ सुरू झाला. बाबारावांनी रमेशभाऊंच्या वडिलांच्या 'स्मरणार्थ' एकतीस हजार जाहीर केले, विजेत्या पोरांनी आरोळ्या ठोकल्या. मग बायकांचं पहिलं बक्षीस, बचत गटातर्फे अकरा हजार. टाळ्या वाजल्या, पण जरा ओशाळलेल्या. मी पाकीट हातात घेऊन उभी होते आणि कामरगावची कप्तान माझ्याकडे येत होती. तेवढ्यात गयाबाईंनी मुलाच्या शर्टाची बाही ओढली. माईक रमेशभाऊंच्या समोरच होता, त्यामुळे पुढचं सगळं गावानं ऐकलं.

"रम्या, तुह्या बापाच्या नावानं किती देतं तू?"

"एकतीस, माय."

"थो जिता होता तवा एक डाव पाहाले आला नाही कधी. मी आज सकायपासून बसली. माह्या नावानं काय देतं?"

"माय, असं जित्या माणसाच्या नावानं देत नसतात. माणूस गेल्यावर देतात."

"मंग मरू का आता इथी?"

मैदान हसून लोटपोट झालं. रमेशभाऊ लाल झाले, मग तेही हसायला लागले. हसता हसता त्यांनी आईकडे नीट पाहिलं, तिच्या धुळीनं भरलेल्या लुगड्याकडे, काठीकडे. त्यांनी माईक ओढून घेतला.

"बायाईच्या पहिल्या बक्षिसात वीस हजार माह्याकडून. एकतीसले एकतीस."

"दरसाल सांग," गयाबाई म्हणाल्या.

"दरसाल."

बाबारावांनी घोषणा करायला माईक घेतला. "महिला गट, प्रथम बक्षीस, एकतीस हजार रुपये, बचत गट आणि गयाबाई यांच्या स्मर..." ते अडकले. शेजारी बसलेल्या गयाबाईंकडे पाहून त्यांनी घसा खाकरला. "गयाबाई यांच्या समक्ष!"

रमेशभाऊंनी दुकानातून पैसे आणवले. ते जाडजूड पाकीट मी कामरगावच्या कप्तानाच्या हातात दिलं तेव्हा तिच्या तळव्यांवरची माती माझ्या बोटांना लागली. मी रंजनाकडे पाहिलं. जिच्यामुळे हे घडलं तिच्या वाट्याला दुसरं बक्षीस आलं होतं. ती सगळ्यांच्या पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होती. डोळे मात्र ओले होते, आणि ते कशानं, हे मी तिला विचारलं नाही.

चौथा दिवस: निघताना

काकूंनी पहाटे उठून रोडगे केले होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, चुरून तूप आणि वरण घालायचं, सोबत वांग्याची भाजी. असं न्याहारीला खाल्लं तर माणसानं त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये. पण माझी गाडी होती. सामान भरून मी रंजनाचा निरोप घ्यायला गेले तर ती घरात नव्हती.

"मैदानावर हाय," काका म्हणाले.

आम्ही दोघं गेलो. कर्णा उतरवलेला, कालचे कागद इकडेतिकडे, आणि मधोमध रंजना, चार बायकांना घेऊन. काल सोललेल्या कोपराला पट्टी बांधलेली ती ऊसतोडीवालीसुद्धा होती. दव पडून माती घट्ट झाली होती.

"अगं, आज तरी विश्रांती घे," मी म्हटलं.

"कशी घेऊ, ताई? अकरा हजार होते तवा हारलं तरी चालत होतं. आता एकतीस हाय." तिनं ओढणी कमरेला करकचून बांधली. "त्या बुटकीचा हात सोडवाचा कसा, थे शिकून राह्यली. आमाले एक जन कमी पडून राह्यला. उभ्या राहता का कोपऱ्यात?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी माझी रॅकेटची पिशवी खांद्यावरून उतरवून घेतली. मी चपला काढल्या. गार माती तळपायांना लागली. चौपन्न वर्षांत मी कधी कबड्डी खेळले नव्हते.

रंजना मध्यरेषेवरून आत आली, 'कबड्डी कबड्डी कबड्डी', डोळे माझ्या पायांवर. मी डावीकडे सरकले, टेनिसमध्ये सरकतात तशी. ती उजवीकडून आली, माझ्या खांद्यावर चापट मारली आणि मी वाकेपर्यंत रेषेपलीकडे पोचलीही.

"ताई आऊट!" भगतकाका कडेवरून ओरडले, क्लबात ओरडायचे त्याच खणखणीत आवाजात. सगळ्या हसल्या. मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत बाहेर आले आणि रेषेच्या कडेला मातीतच बसले. जऊळक्याची जीप रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. काकांनी हात वर करून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.